एकशे वीस दिवसांचं कलम: अमेरिकेतील २००६ च्या सरकारी वकील हकालपट्टीचा प्रकरण अभ्यास

७ डिसेंबर २००६, गुरुवार. अमेरिकेच्या न्याय खात्यातले अधिकारी मायकेल बॅटल यांनी त्या दिवशी वेगवेगळ्या शहरांतल्या सात जणांना फोन केले. सूर सगळीकडे एकच: आजवरच्या कामाबद्दल आभार, पण प्रशासनाला आता दुसऱ्या दिशेनं जायचं आहे, जानेवारीअखेर राजीनामा द्या. सातही जण आपापल्या जिल्ह्यातले फेडरल सरकारचे मुख्य वकील, म्हणजे यूएस ॲटर्नी, होते. त्यांना राष्ट्राध्यक्ष बुश यांनीच नेमलं होतं आणि ते बुश यांच्याच पक्षाचे मानले जात.

नावं अशी: न्यू मेक्सिकोचे डेव्हिड इग्लेसियस, सॅन दिएगोच्या कॅरल लॅम, सिॲटलचे जॉन मकाय, ॲरिझोनाचे पॉल चार्लटन, नेवाडाचे डॅनियल बॉग्डन, पश्चिम मिशिगनच्या मार्गारेट किआरा आणि सॅन फ्रान्सिस्कोचे केविन रायन. आर्कान्साचे बड कमिन्स यांना जूनमध्येच निरोप गेला होता. मिसुरीचे टॉड ग्रेव्ज यांना त्याही आधी, जानेवारीत. पण ती गोष्ट बाहेर यायला पुढचं वर्ष उजाडलं. एकूण नऊ.

हे प्रकरण साधारणपणे ‘घोटाळा, मग राजीनामे’ अशा क्रमानं सांगितलं जातं. आमच्या मते त्यातला टिकाऊ धडा दुसरीकडे आहे. वकिलाला काढण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना होता, याबद्दल कधीच वाद नव्हता. खरा प्रश्न होता तो रिकाम्या खुर्चीवर कोण बसवणार, हा. त्यामुळे प्रकरणाची सुरुवात फोनपासून न करता कायद्याच्या कलमापासून करायला हवी.

पद कसं असतं

अमेरिकेत फेडरल न्यायालयांचे ९४ जिल्हे आहेत आणि त्यांच्यासाठी ९३ यूएस ॲटर्नी. ग्वाम आणि उत्तर मारियाना बेटं मिळून एकच. नाव राष्ट्राध्यक्ष सुचवतात, सिनेट मंजुरी देते, आणि त्या राज्याच्या सिनेटरांच्या पसंतीला प्रत्यक्षात मोठं वजन असतं. मुदत चार वर्षांची. ती संपली तरी पुढचा माणूस येईपर्यंत जुनाच काम बघतो. फेडरल कायद्याच्या २८ व्या शीर्षकातलं कलम ५४१ एका ओळीत सांगतं की राष्ट्राध्यक्ष या वकिलाला पदावरून दूर करू शकतात. कारण द्यावं लागत नाही.

या प्रमुखांच्या हाताखाली काम करणारे सहायक वकील मात्र कायम नोकरीतले असतात. त्यांना पक्ष विचारून नेमणं किंवा काढणं बेकायदा आहे. चर्चेत या दोन पातळ्यांची सरमिसळ फार होते. प्रमुख हा राजकीय नेमणुकीचा माणूस, सहायक हा सेवेतला. या प्रकरणात पुढे दोन्ही पातळ्यांवर गडबड निघाली, पण कायदेशीर गुन्ह्याच्या जवळ जाणारी गडबड खालच्या पातळीवरची होती.

सत्तापालट झाला की नवा राष्ट्राध्यक्ष जुन्या पक्षाचे वकील बदलतो, ही रीतच आहे. १९९३ मध्ये क्लिंटन सरकारनं सगळ्यांचे राजीनामे मागितले होते. बुश यांचे समर्थक २००७ मध्ये याच उदाहरणाकडे बोट दाखवत होते. ते उदाहरण लागू पडत नाही, कारण सरसकट बदलात कुणा एकाच्या चालू तपासावर बोट ठेवलं जात नाही. स्वतःच नेमलेल्या लोकांतून, दुसऱ्या कारकिर्दीच्या मध्यावर, निवडून काही जणांना घरी पाठवणं ही वेगळी गोष्ट आहे. तिथे ‘हाच का?’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

आपल्याकडच्या वाचकाला इथे श्रीलेखा विद्यार्थी खटला आठवेल. फेब्रुवारी १९९० मध्ये उत्तर प्रदेश सरकारनं एका परिपत्रकानं राज्यातल्या सगळ्या जिल्हा सरकारी वकिलांच्या नेमणुका एकदम संपवल्या. सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी ते परिपत्रक रद्द केलं: सरकारी वकिलाच्या पदाला सार्वजनिक अंग आहे, त्यामुळे अशी मनमानी राज्यघटनेच्या कलम १४ मध्ये बसत नाही. म्हणजे आपल्याकडे सरसकट हकालपट्टीच मनमानी ठरली, आणि अमेरिकेत तीच रीत मानली जाते. तिथल्या यूएस ॲटर्नीला कलम १४ सारखा आडोसा नाही. त्याला वाचवू शकणारी गोष्ट एकच, ती म्हणजे त्याला काढल्यावर सरकारला होणारा त्रास.

तो त्रास काढून टाकणारी दुरुस्ती

हा त्रास कलम ५४६ मध्ये होता. जागा रिकामी झाली की ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचा प्रमुख, हंगामी वकील नेमू शकत असे, पण १२० दिवसांपुरता. तोवर सिनेटनं मंजूर केलेला माणूस आला नाही, तर नेमणुकीचा अधिकार त्या जिल्ह्याच्या फेडरल न्यायालयाकडे जाई. ही व्यवस्था १९८६ ची. त्याआधी हंगामी नेमणूक न्यायालयच करत असे.

९ मार्च २००६ रोजी पॅट्रियट कायद्याच्या नूतनीकरणावर सही झाली. न्याय खात्याच्या आग्रहावरून त्यात एक छोटी दुरुस्ती शिरली होती: १२० दिवसांची मर्यादा आणि न्यायालयाची भूमिका, दोन्ही काढून टाकलेली. दोन्ही सभागृहांची विधेयकं जुळवताना, म्हणजे अखेरच्या टप्प्यावर, ती आत आली. बहुतेक सिनेटरांना ती वर्षअखेरीपर्यंत माहीतच नव्हती. आता ॲटर्नी जनरलनं नेमलेला हंगामी माणूस सिनेटसमोर न जाता कितीही काळ बसू शकत होता.

ॲटर्नी जनरल अल्बर्टो गॉन्झालेस यांचे मुख्य सहायक काइल सॅम्पसन यांच्या ईमेलमधून दिसतं की हा मार्ग वापरायचाच, असा त्यांचा विचार होता. आर्कान्सात कमिन्स यांच्या जागी डिसेंबर २००६ मध्ये टिम ग्रिफिन आले. ते व्हाइट हाउसमध्ये बुश यांचे राजकीय सल्लागार कार्ल रोव्ह यांच्या हाताखाली काम केलेले. सॅम्पसन यांचा सल्ला असा होता की राज्याच्या सिनेटरांशी बोलत राहायचं, नावांवर चर्चा करायची, आणि त्यात वेळ निघून जाऊ द्यायचा. अधिकार मिळाला आहे तर वापरायचा नाही का, असा त्यांचा एकूण रोख.

यादी कशी बनली

बुश यांच्या दुसऱ्या कारकिर्दीच्या आरंभी व्हाइट हाउसच्या वकील हॅरिएट मायर्स यांच्याकडून सर्व ९३ जणांना बदलण्याची कल्पना आली होती. ती मागे पडली आणि निवडक नावांची यादी करायचं काम सॅम्पसन यांच्याकडे गेलं. मार्च २००५ च्या तक्त्यात तीन प्रकार होते: ठळक अक्षरांतले ठेवायचे, खोडलेले काढायचे, साध्या अक्षरांतल्यांबद्दल शिफारस नाही. प्रशासनाच्या धोरणांना साथ आणि निष्ठा हा निकष तक्त्याच्या खुलाशातच लिहिलेला होता. शिकागोचे पॅट्रिक फिट्झगेराल्ड, जे त्या वेळी व्हाइट हाउसपर्यंत पोचलेल्या एका गौप्यस्फोटाचा तपास करत होते, ते ‘शिफारस नाही’ या गटात. हे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

न्याय खात्याकडे कामाच्या मूल्यमापनाची स्वतःची पद्धत होती. दुसऱ्या जिल्ह्यांतल्या अनुभवी वकिलांचं पथक दर काही वर्षांनी प्रत्येक कार्यालयात जातं, न्यायाधीश, तपास यंत्रणा आणि कर्मचाऱ्यांशी बोलतं आणि लेखी अहवाल देतं. काढलेल्यांपैकी बहुतेकांचे अहवाल चांगले होते. अपवाद प्रामुख्यानं रायन यांचा. त्यांच्या कार्यालयातल्या कारभाराबद्दल खरोखरच गंभीर तक्रारी होत्या, आणि गंमत अशी की यादीत ते बरेच उशिरा आले. सॅम्पसन यांनी हे अहवाल नीट वापरलेच नाहीत. नाव का घातलं, का काढलं, याची टिपणं नव्हती. वर्षभरात नावं आत-बाहेर होत राहिली.

इग्लेसियस यांचंच घ्या. मार्च २००५ च्या तक्त्यात ते ठेवायच्या गटात होते, नोव्हेंबर २००६ च्या यादीत काढायच्या. मधल्या काळात सिनेटर पीट डोमेनिची यांनी ॲटर्नी जनरलकडे त्यांच्याबद्दल वारंवार तक्रार केली. ऑक्टोबर २००६ मध्ये, निवडणूक तोंडावर असताना, इग्लेसियस यांना दोन फोन आले. पहिला न्यू मेक्सिकोच्या प्रतिनिधी हेदर विल्सन यांचा: बंद लिफाफ्यातल्या आरोपपत्रांबद्दल चौकशी. दुसरा डोमेनिची यांचा, घरी: डेमोक्रॅट नेत्यांविरुद्धच्या न्यायालय-बांधकाम भ्रष्टाचाराच्या प्रकरणात नोव्हेंबरआधी आरोपपत्र येणार का? इग्लेसियस यांच्या साक्षीनुसार, नाही म्हटल्यावर सिनेटरनी फोन ठेवून दिला. विल्सन ती निवडणूक हजारापेक्षा कमी मतांनी जिंकल्या.

इथे इग्लेसियस यांचीही चूक झाली, आणि ती अशा पदावरच्या प्रत्येकानं लक्षात घ्यावी. लोकप्रतिनिधीनं चालू तपासाबद्दल फोन केला तर तो खात्याला कळवावा, असा नियम होता. त्यांनी कळवलं नाही. डोमेनिची त्यांचे जुने हितचिंतक होते. कळवलं असतं तर डिसेंबरच्या यादीसमोर ऑक्टोबरमधलाच एक लेखी कागद उभा राहिला असता.

कारण नंतर शोधलं की काय होतं

नोव्हेंबरच्या मध्यावर सॅम्पसन यांनी अंमलबजावणीचा आराखडा पाठवला. फोन कोण करणार, सिनेटरांना कोण सांगणार, ‘मीच का?’ असं विचारलं तर काय उत्तर द्यायचं, हे सगळं टप्प्याटप्प्यानं लिहिलेलं. राजकीय गदारोळ सोसण्याची तयारी हाही त्यातला एक टप्पा. ४ डिसेंबरला व्हाइट हाउसकडून हिरवा कंदील मिळाला. आराखड्यात सगळं होतं, फक्त एक गोष्ट नव्हती: प्रत्येक नावापुढे खरं, लेखी कारण.

तरी सुरुवातीला काही बिघडलं नव्हतं. काढलेले वकील गप्प होते. राष्ट्राध्यक्षांची मर्जी, असं म्हणून निघून जायला तयार होते. ६ फेब्रुवारी २००७ ला उप-ॲटर्नी जनरल पॉल मॅकनल्टी यांनी सिनेट समितीसमोर सांगितलं की कमिन्स यांना ग्रिफिन यांच्यासाठी जागा करायला काढलं, बाकीच्यांना कामगिरीच्या कारणावरून. आमच्या वाचनात प्रकरण उलटलं ते या क्षणी. ज्यांच्या फायलींत चांगले अहवाल होते त्यांच्यावर जाहीरपणे नालायकीचा शिक्का बसला, आणि त्यांच्याकडे गप्प राहण्याचं कारण उरलं नाही. ६ मार्चला सहा जणांनी काँग्रेसच्या समित्यांसमोर साक्ष दिली. फोनची हकिगत तेव्हा शपथेवर आली.

मग खुलाशांची रांग लागली आणि प्रत्येक खुलासा आधीच्याला छेद देत गेला. इग्लेसियस कार्यालयात नसतात, हे एक कारण सांगितलं गेलं. ते नौदलाच्या राखीव दलात अधिकारी होते आणि त्या कर्तव्यासाठी बाहेर जात. लॅम सीमेवरच्या घुसखोरीचे खटले पुरेसे भरत नाहीत, असं सांगितलं. पण २००६ च्या ऑगस्टमध्ये याच खात्यानं सिनेटर फाइनस्टाइन यांना पत्र लिहून लॅम यांच्या त्याच कामाचं समर्थन केलं होतं. ग्रिफिन यांच्या नेमणुकीत रोव्ह यांचा हात असल्याचं आपल्याला माहीत नाही, असं खात्यानं २३ फेब्रुवारीला सिनेटरांना कळवलं. सॅम्पसन यांच्या डिसेंबरच्या ईमेलमध्ये मात्र ही नेमणूक मायर्स आणि रोव्ह यांच्यासाठी महत्त्वाची असल्याचं लिहिलेलं होतं. महिनाभरात ते पत्र मागे घ्यावं लागलं. बॉग्डन यांना नेमकं का काढलं, हे तर शेवटपर्यंत कुणालाच धड सांगता आलं नाही.

गॉन्झालेस १३ मार्चला म्हणाले की या विषयावरच्या चर्चेत आपण नव्हतो. दहा दिवसांनी जाहीर झालेल्या कागदांत २७ नोव्हेंबरची बैठक निघाली. ते हजर होते. २९ मार्चला सॅम्पसन यांनीच शपथेवर सांगितलं की साहेबांचं विधान बरोबर नव्हतं. १९ एप्रिलच्या साक्षीत गॉन्झालेस यांनी ‘आठवत नाही’ हे उत्तर साठहून अधिक वेळा दिलं. २७ ऑगस्टला त्यांनी राजीनामा जाहीर केला. तोवर बॅटल, सॅम्पसन आणि व्हाइट हाउसशी संपर्क बघणाऱ्या मोनिका गुडलिंग गेल्या होत्या, आणि मॅकनल्टी यांनीही पायउतार होत असल्याचं जाहीर केलं होतं.

लॅम यांच्याबद्दल थोडं सावधपणे

लोकांच्या आठवणीत या प्रकरणाचा चेहरा बहुधा लॅम आहेत. त्यांनी खासदार रँडी कनिंगहॅम यांना लाचखोरीत तुरुंगात पाठवलं. कबुली २४ लाख डॉलरची, शिक्षा आठ वर्षं चार महिने. तपास पुढे सीआयएच्या तिसऱ्या क्रमांकाच्या अधिकाऱ्यापर्यंत गेला. मे २००६ मध्ये त्या अधिकाऱ्याकडच्या झडतीची कल्पना खात्याला दिली गेली आणि दुसऱ्याच दिवशी सॅम्पसन यांनी व्हाइट हाउसला लिहिलं की लॅम यांच्याबाबत आत्ता जी खरी अडचण आहे ती बघता पर्याय तयार ठेवायला हवा. तारखा डोळ्यांत भरतात. पण न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी नंतर दीड वर्ष तपास केला, तेव्हा लाचखोरीचा तपास रोखण्यासाठी लॅम यांना काढल्याचा पुरावा मिळाला नाही. घुसखोरी आणि शस्त्र-खटल्यांच्या आकड्यांवरची नाराजी कागदोपत्री दिसली. त्या नाराजीबद्दल लॅम यांच्याशी कुणी समोरासमोर बोललं नव्हतं, हा ठपका मात्र राहिला. राजकीय दबावाचा सगळ्यात भक्कम पुरावा इग्लेसियस यांच्या बाबतीतला आहे. जबाबदारीची मागणी करताना नाट्यमय उदाहरण पुढे करण्याचा मोह होतो. टिकतं ते कमी नाट्यमय उदाहरण.

जबाबदारीच्या वाटा आणि त्या कुठे अडल्या

काँग्रेसनं मायर्स आणि व्हाइट हाउसचे चीफ ऑफ स्टाफ जोशुआ बोल्टन यांना समन्स काढलं. बुश यांनी विशेषाधिकार पुढे केला. जुलै २००७ मध्ये मायर्स समितीसमोर आल्याच नाहीत. १४ फेब्रुवारी २००८ रोजी प्रतिनिधिगृहानं अवमानाचा ठराव २२३ विरुद्ध ३२ मतांनी केला, पण अवमानाचा खटला भरायचा तो न्याय खात्यानं, आणि खात्यानं नकार दिला. मग प्रतिनिधिगृह स्वतः दिवाणी दावा घेऊन न्यायालयात गेलं. न्यायाधीश जॉन बेट्स, म्हणजे बुश यांनीच नेमलेले, यांनी ३१ जुलै २००८ ला सांगितलं की सल्लागारांना हजर न राहण्याची सरसकट मुभा नाही. अपिलात स्थगिती मिळाली. तडजोड झाली ती सरकार बदलल्यावर, मार्च २००९ मध्ये. रोव्ह आणि मायर्स यांचे जबाब त्या उन्हाळ्यात झाले. समन्सला दोन वर्षं उलटली होती आणि ज्यांच्यावर दबाव आणायचा ते सत्तेतच नव्हते.

कागदांचीही तीच तऱ्हा. व्हाइट हाउसमधले अनेक जण पक्षाच्या सर्व्हरवरचे ईमेल खाते वापरत होते. ते सरकारी नोंदीत येत नव्हते आणि मोठ्या संख्येनं नष्ट झाले होते.

महानिरीक्षक ग्लेन फाइन आणि व्यावसायिक जबाबदारी कार्यालयाचा संयुक्त अहवाल २९ सप्टेंबर २००८ ला आला. सखोल, पण मायर्स, रोव्ह आणि डोमेनिची मुलाखतीला न आल्यामुळे अर्धवट. महानिरीक्षकांना खात्याबाहेरच्यांना बोलावण्याची सक्ती करता येत नाही. त्यावरून नोरा डॅनेही यांची विशेष तपासासाठी नेमणूक झाली आणि जुलै २०१० मध्ये कुणावरही आरोप ठेवणार नाही, असं खात्यानं कळवलं. डोमेनिची यांना सिनेटच्या नैतिकता समितीनं समज दिली. गुडलिंग यांनी मात्र कायम नोकरीतल्या पदांसाठी उमेदवारांची राजकीय मतं तपासल्याचं वेगळ्या अहवालात सिद्ध झालं. तिथे कायदा मोडला होता, पण काँग्रेसनं साक्षीच्या बदल्यात संरक्षण आधीच दिलेलं होतं.

बॉग्डन यांना ओबामा यांनी २००९ मध्ये त्याच पदावर परत नेमलं. २०१७ मध्ये ट्रम्प सरकारनं ४६ जणांचे राजीनामे मागितले त्यात ते पुन्हा होते. त्याच यादीत न्यूयॉर्कचे प्रीत भरारा होते, देवयानी खोब्रागडे प्रकरणामुळे आपल्याकडे घरोघरी नाव पोचलेले. ते २००७ मध्ये सिनेटर शूमर यांचे वकील म्हणून याच हकालपट्टीच्या चौकशीचं काम बघत होते. राजीनामा न देता ते काढले जाईपर्यंत थांबले.

कलम परत आलं

हे सगळं चालू असताना काँग्रेसनं एक छोटं काम पटकन उरकलं होतं. सिनेटनं २० मार्च २००७ ला ९४ विरुद्ध २ मतांनी जुनं कलम ५४६ परत आणण्याचं विधेयक मंजूर केलं आणि १४ जून २००७ ला बुश यांना त्यावर सही करावी लागली. १२० दिवस परत आले, न्यायालयाची भूमिका परत आली.

त्याचा उपयोग प्रथम ठळकपणे दिसला तो जून २०२० मध्ये. ॲटर्नी जनरल बार यांनी शुक्रवारी रात्री जाहीर केलं की न्यूयॉर्कचे जेफ्री बर्मन पद सोडत आहेत. बर्मन यांनी त्याच रात्री कळवलं की आपण सोडलेलं नाही. त्यांची नेमणूक २०१८ मध्ये जिल्हा न्यायाधीशांनी केली होती, आणि तशा वकिलाला ॲटर्नी जनरल काढू शकत नाही, असं खात्याचंच १९७९ चं मत होतं; राष्ट्राध्यक्षच काढू शकतात. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांच्या नावानं काढावं लागलं, पण बर्मन यांनी मधल्या काही तासांत मिळवलं ते महत्त्वाचं: बाहेरचा माणूस न येता त्यांच्याच उपप्रमुख ऑड्री स्ट्रॉस यांच्याकडे कार्यभार गेला.

२०२५ मध्ये गाठ अधिक घट्ट आवळली गेली. न्यू जर्सीत हंगामी वकील अलिना हब्बा यांचे १२० दिवस संपत आल्यावर न्यायाधीशांनी दुसऱ्या वकिलाला नेमलं. सरकारनं तिला काढून हब्बा यांना वेगळ्या मार्गानं बसवलं. न्यायालयानं ऑगस्टमध्ये आणि अपील न्यायालयानं १ डिसेंबरला ती नेमणूक बेकायदा ठरवली. पूर्व व्हर्जिनियात एरिक सीबर्ट हे २१ जानेवारीला हंगामी म्हणून आले, मे मध्ये १२० दिवस संपल्यावर न्यायाधीशांनी त्यांनाच कायम ठेवलं. एफबीआयचे माजी प्रमुख जेम्स कोमी आणि न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरल लेटिशा जेम्स यांच्यावर खटला भरण्याच्या दबावात ते सप्टेंबरमध्ये पायउतार झाले. ॲटर्नी जनरल बॉन्डी यांनी लिंडसे हॅलिगन यांना हंगामी नेमलं. हॅलिगन यांनी याआधी कधीही फौजदारी खटला चालवलेला नव्हता. तीन दिवसांत कोमी यांच्यावर आरोपपत्र आलं. खटला भरण्याची पाच वर्षांची मुदत संपायला तेव्हा आठवडाही उरला नव्हता.

सरकारचं म्हणणं होतं की हंगामी माणूस बदलला की १२० दिवस नव्यानं सुरू होतात. न्यायाधीश कॅमेरॉन करी यांनी २४ नोव्हेंबरला ते फेटाळलं: मुदत जागेची असते, माणसाची नव्हे, ती मे मध्ये संपली आणि त्यानंतर हंगामी नेमणुकीचा अधिकार न्यायालयाकडे गेला. कोमी यांचं आरोपपत्र ज्युरीसमोर मांडलं होतं एकट्या हॅलिगन यांनी, आणि त्यावर सरकारतर्फे सहीही त्यांची एकट्यांचीच होती. कार्यालयातला दुसरा कुठलाही वकील सही करायला पुढे आला नव्हता. त्यामुळे नेमणूक पडली तेव्हा आरोपपत्राला टेकायला दुसरं नाव उरलं नाही.